कार्डावर अडकलेले दीडशे डॉलर

मोटेल चालवायला डोकं थंड लागतं, आणि माझं जन्मापासून तापलेलं. त्यात सकाळी कॉफीचा पहिला घोट घेतोय तोच मर्ना काउंटरशी येऊन म्हणाल्या, "स्टॅन, माझे दीडशे सोडा."

या बाई आदल्या संध्याकाळी एकट्याच उतरल्या होत्या. खोलीचं भाडं रोख दिलं; मोडतोडीची अनामत म्हणून मी त्यांच्या क्रेडिट कार्डावर दीडशे डॉलर राखून ठेवले. सगळ्यांचेच ठेवतो.

"अहो बाई, मी एक सेंटसुद्धा काढलेला नाही!"

"काढला नाहीत, पण अडवून ठेवलाय. हॉकीच्या मॅचला खुर्चीवर कुणी कोट टाकून गेलं, तर खुर्ची रिकामीच असते. पण बसता येतं का?"

झालं होतं असं, की त्यांची गाडी सकाळी सुरूच होईना. शेजारच्या गॅरेजवाल्या रोलीने अल्टरनेटर बदलला, चारशे चाळीस सांगितले, आणि कार्ड काही चालेना. रोली म्हणजे महाचिवट. पैसे आल्याशिवाय किल्ली देईल तर शपथ.

"पण तुमचं कार्ड तर हजाराचं ना?" मी म्हटलं.

"हजार ही बँकेने आखलेली रेघ. त्यातले पाचशे वीस मी आधीच वापरलेत. राहिले चारशे ऐंशी. त्यावर तुमचा कोट. म्हणजे मला वापरता येतात तीनशे तीस."

कागद नाही, पेन नाही. मी बघतच राहिलो.

"एवढी घाई कसली?"

"माझा मुलगा डेल आज दुपारी तुरुंगातून सुटतोय. फाटकाशी घरचं कुणी नसलं तर शहराच्या बसमध्ये बसवून देतात. शहरात त्याचे तेच जुने दोस्त आहेत. मी तिथे दिसले पाहिजे."

मला गलबलून आलं. मी पाकीट काढलं. "हे घ्या. सावकाश परत करा."

"नको हो. माझे मला पुरतात. तुम्ही फक्त कोट उचला."

मी मशीनवर अनामत रद्द केली. "झालं! निघा!"

"कुठलं झालं? बँकेला पत्ता लागायला दोन-तीन दिवस जातील. फोन लावा. आधी तुम्ही बोला, मग मी बोलते."

बँकेच्या फोनवरचं ते रटाळ संगीत ऐकून माझा पारा चढला. फोन आपटणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं. "आज नाही, स्टॅन."

अखेर एक मुलगी बोलली. मी पावतीवरचा नंबर वाचला, सोडतो म्हणालो. मर्नांनी फोन घेतला. "आता मला किती वापरता येतील, तेवढं सांगा."

"चारशे ऐंशी, मॅडम."

रोलीच्या मशीनने मुकाट्याने कार्ड घेतलं. गाडी धुरळा उडवत गेली. काय बाई आहे, वा! माझं कार्ड दहा हजारांचं. त्यात उरलंय किती, विचारलंत तर मी तुमच्याच अंगावर ओरडेन.

दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. संध्याकाळी फोन वाजला.

"भेटला का हो?" मी नावही विचारलं नाही.

"भेटला. पण बाहेर आला तो थेट बसकडेच निघाला, स्टॅन. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. कुणी येईल असं त्याला वाटलंच नव्हतं. मग मी जो हॉर्न दाबला, तो सोडलाच नाही."