नववा नियम

प्रीकॅल्क्युलस या गणिताच्या विषयाच्या मॅडम सत्राच्या पहिल्याच दिवशी जो कागद वाटायच्या, त्याची कॉलेजभर दहशत होती. मथळा साधाच, 'अपेक्षा आणि नियम', पण अर्धा वर्ग साइन-कोसाइनच्या आधी त्या कागदालाच घाबरायचा. उशिरा आलेला गृहपाठ घेतला जाणार नाही. चुकलेली चाचणी पुन्हा होणार नाही. वर्गात फोन बंद. एकाच सत्रात एकच आजी दोनदा वारलेली चालणार नाही, हे मॅडम वर तोंडी सांगायच्या आणि पोरं भीतभीत हसायची.

नववा नियम मात्र मॅडमच्या विशेष जिव्हाळ्याचा. गुण आणि हजेरी याबद्दल फक्त विद्यार्थ्याशीच बोललं जाईल. आईवडील, नातेवाईक, कोणाशीही नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलीचे वडील तिचा पेपर मागायला आले होते. त्यांनी सगळ्यांसमोर टेबलावर हात आपटून मुलीची अक्कल काढली. ती मुलगी पुन्हा वर्गात दिसली नाही. त्यानंतर मॅडम प्राचार्यांशी भांडल्या, सभेत भांडल्या आणि हा नियम त्यांनी अख्ख्या कॉलेजला लावून घेतला. नियम चांगलाच होता. पंचाईत तीच होती, की तो अजूनही चांगलाच होता.

कारण या सत्रात हजेरीपटावर भिंगरीचं नाव होतं. भिंगरी म्हणजे ताईची मुलगी, मॅडमची सख्खी भाची. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून मॅडमनीच हे नाव ठेवलेलं. यंदा विषयाची तुकडी एकच, त्यामुळे दुसरीकडे पाठवायची सोय नव्हती. आधी ती पहिल्या बाकावर बसली, मग मागे सरकली, मग दाराजवळ गेली आणि मग दिसेनाशीच झाली.

मागच्या वर्षी, दुसऱ्या सरांकडे, ती याच विषयात नापास झाली होती. दुसऱ्यांदा झाली तर फार्मसीची जागा जाणार, हे ठरलेलं. वाट एकच उरली होती. येत्या शुक्रवारी पाचपर्यंत तिने स्वतः विषयातून नाव काढून घ्यायचं, म्हणजे नापासाचा शिक्का बसणार नाही आणि पुढच्या वर्षी नव्याने बसता येईल. पण ते तिनेच करायचं, कॉलेजच्या वेबसाइटवर, तिच्याच खात्यातून. मॅडमना त्यात बोटही लावता येत नव्हतं.

मॅडमनी तिला मेल पाठवले, निरोप पाठवले. शेवटी एकदा बसथांब्यावर ती सापडली.

"अगं, कुठे असतेस दिवसभर?"

"असते कुठेतरी. बागेत, दुकानांतून." भिंगरी बुटाने जमीन उकरत होती. "मावशी, मी येते गं दारापर्यंत. तू फळ्यावर लिहायला लागलीस की छातीत धडधडतं. मग काही दिसतच नाही."

"मग निदान नाव तरी काढून घे. आणि आईशी बोल."

"घेते."

"कधी?"

"घेते म्हटलं ना! पण तू आईला सांगू नकोस हं. नियम तुझाच आहे."

बोलण्यात खोच नव्हती. पोर रडवेली झाली होती. मॅडमना तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं. तेवढ्यात बस आली आणि दोन्ही राहून गेलं.

रविवारी त्या ताईकडे गेल्या. ताई औषधांच्या दुकानात काउंटरला उभी असायची. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचून गोळ्या काढून देण्यात तिचा जन्म गेला होता. आपल्या मुलीचं नाव परवान्यावर, चौकटीत, भिंतीवर लागलेलं बघायचं एवढंच तिला हवं होतं. आई गेल्यावर धाकटीच्या फिया भरायला म्हणून तिने स्वतःचं कॉलेज सोडलं होतं. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, म्हणूनच ते जास्त टोचायचं.

"काय गं धाकटे," भांडी पुसता पुसता ताईने विचारलं, "आमची भिंगरी कशी चाललीय तुझ्या वर्गात?"

"ताई, मला विद्यार्थ्यांबद्दल बोलता येत नाही."

"अगं बाई! सख्ख्या बहिणीला पण नाही?" ताई खो खो हसली. "म्हणजे बरीच चाललीय. वाईट असती तर तू माझा जीव खाल्ला असतास."

आणि मॅडमही हसल्या. दुसरं काय करणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि त्यामागे भिंगरी अभ्यास करत होती म्हणे.

शुक्रवार उजाडला. नाव अजून यादीत होतंच. मॅडमनी सकाळपासून भिंगरीला फोन लावले, ते बंद. दुपारच्या तासाला त्या आलेख काढत होत्या, तेव्हा दाराच्या काचेला कोणीतरी नाक लावलेलं दिसलं. ताई होती. हातात डबा. ती बाकांवरून एकेक करून नजर फिरवत होती, आधी हसत, मग न हसता.

मॅडम खडू तसाच हातात घेऊन बाहेर आल्या.

"डबा विसरली म्हणून आणला," ताई म्हणाली. "अर्धी सुट्टी होती, म्हटलं तुला शिकवतानाही बघावं. ती कुठे बसते?"

"ताई, मला बोलता येत नाही."

तेच वाक्य होतं. ताई या वेळी हसली नाही. तिने पुन्हा एकदा बाकांकडे बघितलं आणि तिला जे कळायचं ते कळलं.

तास संपल्यावर दोघी मॅडमच्या खोलीत बसल्या. मॅडमनी नाव काढायच्या मुदतीचं सगळं सांगितलं. तो नियम सगळ्यांसाठीच भिंतीवर लावलेला होता, तेवढं बोलता येत होतं. ताईने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. वर्गात फोन बंद ठेवायचा असतो, असं भिंगरीने घरी सांगून ठेवलं होतं. कॉलेज सुटेपर्यंत ती तो चालू करायची नाही. मॅडमच्या कागदावरचा एवढा एक नियम ती बाहेर फिरताना न चुकता पाळत होती.

"मी सही केली तर? आई आहे मी."

"नाही चालत, ताई."

"आणि तू?"

"माझी तर नाहीच."

घड्याळाकडे बघायचं दोघींनी टाळलं. मग ताई हळूच म्हणाली, "रविवारी मी विचारलं, तेव्हा तू हसलीस."

ताई ओरडली असती तर परवडलं असतं.

पाच वाजले. संगणकावरचा अर्ज मिटला आणि तिथे 'मुदत संपली' एवढंच राहिलं. खाली पोरांचा गलबला सुरू झाला. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. खोली इतकी शांत होती, की पलीकडचा आवाज मॅडमनाही ऐकू आला.

"आई, सुटलं बघ कॉलेज! मावशीने आज इतकं लिहायला दिलं, हात मोडला माझा."

ताईने तोंड उघडलं. ताईचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

"आई? ऐकतेयस ना?"

"हो," ताई म्हणाली. "दमली असशील. ये घरी."

तिने फोन डब्याशेजारी ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

"मलाही नाही गं बोलता आलं," ती म्हणाली.