खडीसाखरेचा खडा

कोठीच्या खोलीतून आवाज आला तेव्हा सुनीती पोळ्या लाटत होती. दिवाळीतला मोठा फटाका घरात फुटावा तसा आवाज, आणि पाठोपाठ काच सांडल्याचा. हातात लाटणं तसंच घेऊन ती कोठीच्या दारापर्यंत धावली आणि तिथेच थिजली. काय फुटलं ते तिला कळलं होतं, आणि का फुटलं ते साऱ्या रायपुरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

आता ही भानगड काय, ते आधी सांगायला हवं. तिचा नवरा विनायक दोन वर्षांपूर्वी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून रिटायर झाला. तीस वर्षं फोनवरून मालगाड्या थांबवल्या, सोडल्या, बाजूला घेतल्या, आणि एके दिवशी सांगायला एकही गाडी उरली नाही. सहा महिने माणूस नुसता गॅलरीत उभा. मग मोबाइलवर काहीतरी पाहून त्याने घरीच आल्याची बिअर करायला घेतली. दारू नव्हे हो, हे तो भेटेल त्याला शपथेवर सांगायचा. आलं, लिंबू, साखर आणि यीस्ट, बस. फसफसायची मात्र बिअरसारखीच. पहिल्या खेपेला स्टीलच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं, ते उडून पंख्याला लागलं आणि चोथा छताला जाऊन चिकटला. दुसरी खेप इतकी आंबट झाली की मोरीत ओतावी लागली. त्यानंतर दोन दिवस तो जेवला, पण बोलला नाही. तेलीबांध्याच्या त्या फ्लॅटमध्ये सुनीतीला ते दोन दिवस घर खायला उठलं होतं.

मुलीने, मंजिरीने, तेव्हाच बजावलं होतं की आता आणखी एकदा काही झालं तर हा सगळा पसारा ती उचलून नेणार. म्हणून तिसऱ्या खेपेला विनायकने सोनाराकडे असतो तसला काटा आणला. भंगारवाल्याकडून बिअरच्या बारा बाटल्या घेतल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या, आणि प्रत्येकीत तोलून साखर घातली. बूच लागलं की आतलं यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं. साखर जरा जास्त झाली की गॅस जास्त, आणि मग बाटली कसली, बॉम्बच. हे त्याने सुनीतीला तीनदा समजावलं आणि वर म्हणाला, लुडबुड करू नको. पस्तीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिने मिठासारखा रोज खाल्ला होता. त्यामुळे तो आणि त्याच्या आधीचं सगळं तिने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं; आठवलं ते आज, आवाज झाल्यावर.

तर झालं असं. भरलेल्या बाटल्या ओट्यावर उघड्या, आणि हा गॅलरीत वाळत घातलेली बुचं आणायला गेला. सुनीतीच्या माहेरी रीत होती, लोणचं असो की मुरंबा, जे मुरायला ठेवायचं त्यात खडीसाखर पडली पाहिजे, म्हणजे हाताला यश येतं. बाईच्या डोळ्यांपुढे ते दोन मुके दिवस आले. तिने डबा उघडला आणि बारा बाटल्यांत दोन-दोन खडे सोडले. देवा, या वेळी तरी गोड होऊ दे, एवढंच मनात म्हणाली. करायला गेली गणपती आणि झालं माकड.

ते नऊ दिवसांपूर्वी. आणि आज मे महिन्यातला शनिवार, दुपारचा एक वाजून गेलेला, बाहेर रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं.

विनायक आतून धावत आला. दाराच्या फटीतून पाहिलं: एका बाटलीचा चुरा, भिंतीवर आल्याचं पाणी, आणि बाकीच्या बाटल्या क्रेटमध्ये शांत उभ्या. तो आधी घाबरला, मग त्याने मनातल्या मनात गणित केलं आणि त्याचा चेहरा सैल पडला. तोलून घातलेली साखर, चूक होणं शक्य नाही. एखादी भंगारातली बाटली कच्ची निघाली असणार, बाकीच्या ठीक आहेत, तो म्हणाला. आता क्रेट बाहेर काढतो आणि काच झाडतो. तू पोळ्या कर.

त्याने बाह्या वर केल्या. चष्मा काढून खिशात ठेवला, खाली वाकताना घसरतो म्हणून. आता बोललं तर जन्माची लुडबुडी ठरणार. नाही बोललं तर हा उघड्या डोळ्यांनी त्या दहा बाटल्यांवर वाकणार.

दहा? तिने क्रेटकडे परत पाहिलं. बारातली एक फुटली. मग अकरा हव्यात.

अकरावी सकाळी मंजिरीने नेली होती. नवा रायपूरला ऑफिसला जाता जाता ती डबा घ्यायला आली, आणि गौतम नावाच्या कोणा सहकाऱ्याची बदली झाली म्हणून एक बाटली त्याच्यासाठी मागून घेतली. विनायकला केवढा आनंद झाला होता. सुनीतीनेच ती कापडी पिशवीत घालून पोरीच्या शेजारच्या सीटवर ठेवली होती, स्वतःच्या हाताने.

विनायकचा हात क्रेटला लागणार तेवढ्यात ती बोलली.

"हात लावू नका. मी खडीसाखर टाकली त्याच्यात. साऱ्या बाटल्यांत."

तो तसाच वाकलेला राहिला. मग एक-एक पाऊल मागे घेत बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "किती?" एवढंच त्याने विचारलं, आणि तिने दोन बोटं दाखवली.

"मंजिरी," तो म्हणाला.

फोन वाजत राहिला. परत लावला, परत वाजत राहिला. शनिवारी ती एक वाजता सुटते आणि गाडी चालवताना फोन उचलत नाही. ही शिस्तही बापानेच लावलेली. सुनीतीने मंजिरीच्या ऑफिसात फोन करून गौतमचा नंबर मिळवला. तो म्हणाला, मावशी, मी तर आज सुट्टीवर आहे, घरीच. म्हणजे बाटली दिलीच गेली नव्हती. म्हणजे सकाळपासून ती उन्हात उभ्या गाडीत शिजत होती, आणि आता पोरीच्या कोपराजवळ होती.

सुनीती खाली बसली आणि देवाला नवस बोलू लागली, एकाला नाही, आठवतील तेवढ्या सगळ्यांना. विनायक एका हाताने फोन लावत राहिला, दुसरा हात भिंतीवर. घड्याळात सव्वा झाला. एक वीस. कोठीत आणखी एक बाटली फुटली, दोघंही दचकले, आणि कोणी तिकडे पाहिलं नाही. तिला त्या रस्त्यावरचं प्रत्येक वळण दिसत होतं आणि प्रत्येक वळणावर पोरीचा चेहरा. काय केलं मी हे, असं ती मोठ्याने म्हणाली.

अठराव्या वेळी फोन उचलला गेला. मंजिरी वैतागलेली होती. "पापा, सिग्नल पे हूँ, इतने कॉल? क्या हुआ?"

आणि मग सुनीतीने तो आवाज ऐकला, जो तिला तीस वर्षं फक्त त्याच्या ऑफिसातल्या लोकांच्या सांगण्यावरून माहीत होता. शांत, सपाट, घाई नसलेला. सिग्नल सुटला की डाव्या बाजूला घे. थांब. इंजिन बंद. आता उतर.

"एक मिनट, बैग ले लेती हूँ."

"पिशवीले हात लावायचा नाही. दार लाव अन् दूर जा. मी सांगेपर्यंत चालत राहा."

दार लागल्याचा आवाज आला. चपलांचा आवाज. एका झाडाखाली उभं राहायला त्याने सांगितलं आणि फोन चालू ठेवला. पाच मिनिटं गेली. मंजिरी हसायला लागली, पापा, कुछ नहीं हो रहा, पिघल जाऊँगी यहाँ, बैठती हूँ गाड़ी में. तो नाही म्हणाला. ती चिडली. तो परत नाही म्हणाला, त्याच आवाजात. आणखी दोन मिनिटं. सुनीतीने पदर तोंडात कोंबला होता.

फोनमधून आवाज आला तो लहानसाच होता. मग बराच वेळ फक्त रस्ता ऐकू येत होता. मग मंजिरीचं रडणं, आणि मोडकं-तोडकं बोलणं, की सामनेवाला काच तडकला, सीट में काँच घुसा है, मैं वहीं बैठी थी पापा, वहीं. कोणीतरी तिला पाणी आणून दिल्याचं ऐकू आलं. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. सुनीती फोनला हात जोडून बसली होती आणि तिला ते कळतही नव्हतं.

रडणं थांबल्यावर मंजिरीने विचारलं, हे झालं कसं.

"माझ्याच हातून साखर जास्त पडली बेटा," विनायक म्हणाला. "वजन चुकलं."

मग तिने जे सुनवलं ते त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. आजच्या आज काटा, बुचं, सगळं नेते, ती म्हणाली. हव, ने, तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

सुनीतीने त्याच्याकडे पाहिलं. "काहून खोटं बोलले तुम्ही?"

त्याने खिशातून चष्मा काढला, पुसला, पण घातला नाही.

"बापाची चूक पोट्टी दोन दिवसांत विसरते. तुया हातून झालं म्हटलं असतं, तर उद्या तुया हातचा घास घेताना तिले एकदा तरी आठवलं असतं."

तेव्हा मात्र सुनीतीचा बांध फुटला. मेलेल्या माणसासाठी रडतात तशी ती रडली, जमिनीवर बसून, कणकेच्या हातांनी तोंड झाकून. तो तिच्या शेजारी बसला. आता कोठीतल्या उरलेल्या नऊ बाटल्यांचं पाहू, हेल्मेट आण, गोधड्या आण, असं काहीतरी बोलत राहिला. ती ऐकत नव्हती. तिने डोळे पुसले आणि त्याच्या हातातला फोन घेतला. काय करून राहिली तू, असं म्हणत त्याने तिचं मनगट धरलं, आणि तिने ते सोडवून घेत नंबर लावला.

"मंजिरी, ऐक," ती म्हणाली. "तुया बाबांचं वजन बरोबर होतं."