जोडाखालची काडी

"जरा चाखून बघा," बाईंनी कापलेली फोड पुढे केली. "मला काही समजेनासं झालंय."

रोपवाटिकेच्या बाकावर बसलेल्या कलमवाल्याने ती तोंडात टाकली. कडक, तुरट, दाताखाली वाळू आल्यासारखी. हे फळ कुठलं, हे त्याला चावायच्या आधीच कळलं होतं.

बाईंच्या परसातली जुनी नासपती अशी नव्हती. खरखरीत तपकिरी साल, बुटका देठ, रूप अगदी दरिद्री. झाडावर पिकू दिली तर आतून सडायची. म्हणून कच्चीच उतरवून तीन आठवडे गवतात ठेवायची आणि देठापाशी अंगठा रुतला की कापायची. मग रस कोपरापर्यंत ओघळायचा. सहा वर्षांपूर्वी ते झाड वठायला लागलं, तेव्हा कलम बांधायला बाईंनी यालाच बोलावलं. याच्या हाताला गुण, वाळकी काडीसुद्धा धरते, असा लौकिक.

लौकिक माणसाला आळशी करतो. जिवंत काड्या शेंड्याला होत्या आणि शिडी दोन गल्ल्या पलीकडे. बुंध्याशी मात्र सरळ, टवटवीत फुटवे होते. ते मूळ कलमाच्या जोडाखालचे, म्हणजे ज्यावर ते बांधलं होतं त्या रानटी खुंटाचे तर नाहीत ना, हे वाकून बघायला हवं होतं. त्याने बघितलं नाही. बघितलं असतं तर शिडी आणावी लागली असती. जुनं झाड त्याच आठवड्यात तोडलं.

"यंदा पहिली फळं," बाई सांगत होत्या. "यांनी पहिलाच घास थुंकला. म्हणाले, ही ती नव्हे. मी म्हटलं, तुमची जीभच गेलीय आता. तेव्हापासून कशालाच नावं ठेवत नाहीत. रोज एक कापून देते, मुकाट खातात."

'मातीचा फरक असेल' हे उत्तर त्याच्या तोंडाशी तयार होतं. ते इतकं पटकन सुचलं, याचीच त्याला लाज वाटली.

"बाई, चूक माझी आहे. काड्या खालून घेतल्या. शिडी आणायचा कंटाळा केला."

बाईंनी उरलेलं फळ पिशवीत टाकलं. मग पिशवी उचलून म्हणाल्या, "घरी चला. हे त्यांना सांगा."

खाटेवरच्या म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. कलमवाला मान खाली घालून शिव्यांची वाट बघत होता. पण म्हाताऱ्याचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

"सांगत होतो ना तुला," तो बायकोला म्हणाला.

"हो."

उशाशी वाटी होती. सकाळच्या फोडींपैकी दोनच उरल्या होत्या. बाईंनी ती हळूच उचलली आणि आत घेऊन गेल्या.