पांढऱ्या कापडातली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी, रंगानं पिवळी आणि बोलणारी. माझं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे, ते घेताना आमच्या गावातल्या भल्याभल्यांची जीभ वळत नाही. म्हणून सगळे मला नुसतं ‘पेटी’ म्हणतात. शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या वाटेवरच्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मी असते.

माझं काम एकच आहे. माणसाचं हृदय कधीकधी एकाएकी ताल सोडतं. धड चालत नाही, धड थांबत नाही, नुसतं थरथरत राहतं आणि उभा माणूस आडवा होतो. अशा वेळी कुणीतरी त्याची छाती दाबत राहायची आणि दुसऱ्यानं मला घेऊन यायचं. माझ्या दोन चिकटपट्ट्या उघड्या छातीवर लावल्या की मी आतली थरथर तपासते आणि विजेचा झटका देते. मग हृदयाला पुन्हा ताल सापडू शकतो. मात्र मला लवकर आणावं लागतं. ती थरथर फार वेळ टिकत नाही, आणि ती विझली की माझ्याजवळ द्यायला काही उरत नाही.

मला बोलता येतं, पण ठरलेली मोजकी वाक्यंच, तीही पुस्तकी मराठीत आणि बाईच्या आवाजात. झाकण उघडलं की माझा आवाज सुरू होतो. झाकण मिटलं की मी मुकी. ऐकू मात्र सगळं येतं, आणि गावाच्या चौकात टांगलेल्या वस्तूला काय काय ऐकावं लागतं ते तुम्हाला सांगत बसत नाही.

माझी पहिली वर्षं रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेली. गेटजवळ, आग विझवायच्या लाल नळकांड्याशेजारी माझी जागा होती. रोज पहाटे मी स्वतःची तपासणी करायची आणि सगळं ठीक असलं की हिरवा दिवा लुकलुकवायची. सुट्टी नाही, आजारपण नाही. कामगार माझ्यावर हेल्मेट ठेवायचे, कुणी डबा ठेवायचं. इतक्या वर्षांत तिथं कुणाचं हृदय थांबलं नाही. ही चांगलीच गोष्ट झाली, पण खरं सांगू? बिनकामाचं बसून राहिल्याचं वाईट वाटायचंच.

पुढं कारखान्यानं नव्या पेट्या घेतल्या आणि मला अडगळीत टाकायचं ठरलं. तेव्हा दीक्षा नावाच्या मुलीनं मला मागून घेतलं. ती तिथं मालाची तपासणी करायची आणि अपघाताच्या वेळी धावणाऱ्या पथकातही होती. तिचे वडील ज्ञानदेव काही वर्षांपूर्वी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात कोसळले होते. लोकांनी तोंडावर पाणी मारलं, नाकाला कांदा लावला आणि सगळे गर्दी करून उभे राहिले. लोक वाईट नव्हते, त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्या गावात तरी पुन्हा असं कुणी जाऊ नये, एवढं एकच दीक्षाच्या मनानं घेतलं होतं.

गावात आल्यावर तिनं माझ्या नव्या चिकटपट्ट्या मागवल्या, बॅटरी बदलली आणि दहाबारा जणांचा गट उभा केला. शाळेच्या वर्गात रबरी पुतळा आणून तिनं सगळ्यांना छाती दाबायला शिकवलं. त्या पुतळ्याला पाय नव्हते, त्यामुळं पहिला दिवस हसण्यातच गेला. पंचायतीचे शिपाई कोंडिबा दारातूनच बघून गेले. कामं पडली आहेत म्हणाले. खरं म्हणजे ते लाजले होते.

मला ठेवायला काचेच्या दाराचं लोखंडी कपाट हवं होतं. ते एका पुढाऱ्यांनी दिलं. आनंदानं दिलं, नाही म्हणायचं कारण नाही. पण काचेवर त्यांनी आपला हात जोडलेला फोटो चिकटवून घेतला, तो माझ्याहून मोठा. बाहेरच्यांना पुढारी दिसायचे आणि माझ्या वाट्याला फोटोची पांढरी पाठ यायची. दिव्यापुरती फट तेवढी उरली होती.

माझ्याखाली एक सिमेंटचं बाक आहे. संध्याकाळी तिथं आनंदराव आबा येऊन बसायचे. ऊस आणि थोडी तरकारी करणारे, थट्टेखोर म्हातारे. दर रविवारी दीक्षा मला पुसायला आली की यांची सुरुवात व्हायची.

“पोरी, तुझ्या पेटीला आजून गिऱ्हाईक न्हाई व्हय?”

“मिळू नये म्हणूनच टांगलीय, आबा.”

“मग पुसतीस कशापायी एवढी?”

“औताला जुंपायचा नसला तरी बैलाला वैरण घालताच ना तुम्ही?”

आबांनी मान डोलावली. मग म्हणाले, “हे मातूर खरं हाय.” त्यानंतर ते येताजाता माझा दिवा बघू लागले. एखाद्या दिवशी दीक्षा दिसली की आपणहून सांगायचे, “हिरवा हाय गं, बघितला म्या.” मला कुणीतरी विचारतंय, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

अशात निवडणूक लागली. आचारसंहितेत गावात एकाही पुढाऱ्याचं नाव किंवा फोटो दिसता कामा नये, असा निरोप आला. कोंडिबा मांजरपाटाचा तागा आणि सुतळी घेऊन निघाले. सभामंडपाची कोनशिला बांधली, बसथांबा बांधला, पाण्याच्या फिल्टरची पाटी बांधली, बाकांच्या पाठी बांधल्या, पुढाऱ्याचं नाव रंगवलेली तक्रारपेटी बांधली, आणि शेवटी माझं अख्खं कपाट बांधलं. सारा चौक पांढराफटक झाला.

कामावरून परत येताना दीक्षानं ते पाहिलं.

“कोंडिबा मामा, फोटोपुरता कागद चिकटवा की. सगळीच पेटी कशाला बांधलीत?”

“कागद निघतो वाऱ्यानं. साहेब तपासणीला आलं आन् फोटो दिसला, तर नोटीस मला येती पोरी, तुला न्हाई.”

“मग निदान सरगाठ मारा. वढली की सुटली पायजे.”

कोंडिबांनी तिच्यासमोर सरगाठ मारली, ओढून दाखवली, पुन्हा मारली. दीक्षाचं समाधान झालं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला, कापड फडफडू लागलं आणि एक टोक सुटून पुढाऱ्यांचे जोडलेले हात दिसायला लागले. नेमकी तेव्हाच तपासणीची जीप येणार म्हणून बातमी होती. कोंडिबांनी घाईघाईनं सुतळीचे आणखी वेढे दिले आणि गच्च निरगाठी मारल्या. मतदान झालं की सोडायचंच आहे, असं त्यांनी स्वतःशीच म्हटलेलं मी ऐकलं. दीक्षाला सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं, आणि कापड सुटेपर्यंत तिचं रविवारचं पुसणंही थांबलं होतं. मी कापडाच्या आत दिवा लुकलुकवत राहिले.

मतदान चौकापलीकडच्या शाळेत होतं. पुढचं मी पाहिलेलं नाही, नंतर ऐकलेलं आहे. आबा मत देऊन बाहेर आले, बोटाची शाई बायकोला, सोजराबाईंना, दाखवली आणि पायरीवर बसता बसता कोसळले. दीक्षा बायकांच्या रांगेत होती, गटातलं दुसरं कुणी त्या वेळी तिथं नव्हतं. तिनं हाका मारल्या, श्वास पाहिला आणि लगेच छाती दाबायला घेतली. एकाला तिनं १०८ला फोन करायला सांगितलं. बंदोबस्तावर सम्राट नावाचा तरुण हवालदार होता, त्याला म्हणाली, “दादा, समोर पंचायतीच्या भिंतीवर पेटी हाय, पांढऱ्या कापडात. सुतळी वढा, सुटंल. पळा.”

सम्राट पळाला, पण तो दौंड तालुक्यातल्या राहूचा, गावात आदल्या दिवशी आलेला. चौकात येऊन बघतो तर जिकडंतिकडं पांढरं कापड. त्यानं पहिल्यांदा कोनशिला सोडली. मग पाण्याच्या फिल्टरची पाटी सोडली. मग माझ्या शेजारी टांगलेली, तशीच बांधलेली तक्रारपेटी सोडली. तिला कुलूप होतं. ते तो हिसडत राहिला, कारण त्याला पेटीच आणायला सांगितली होती.

मी त्याच्यापासून दोन हातांवर होते. मला त्याची धाप ऐकू येत होती. ‘मी इथं आहे’ एवढंच म्हणायचं होतं, पण माझं झाकण मिटलेलं होतं. मित्रांनो, तेव्हा माझा जीव जसा तळमळला तसा आयुष्यात कधी तळमळला नाही.

“पेटी कुठली?” सम्राट ओरडला. मतदारांना पाणी वाटणारे कोंडिबा तांब्या टाकून धावले. त्यांनी माझ्या सुतळीला हात घातला, पण गाठी सुटेनात. त्यांच्याच हाताच्या गाठी होत्या. तोंडानं ते “आरं द्येवा, आरं द्येवा” म्हणत होते. शेवटी रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी होती, तिच्यावरच्या माणसाकडून सम्राटनं कोयता आणला आणि सुतळी कापली.

शाळेच्या पायरीवर दीक्षानं माझं झाकण उघडलं आणि गावात मी पहिल्यांदा खऱ्या माणसासाठी बोलले. “शांत राहा. सूचना काळजीपूर्वक ऐका.” चिकटपट्ट्या लागल्या. “रुग्णाला स्पर्श करू नका. तपासणी सुरू आहे.” सगळे मागं सरकले. मी आबांच्या छातीत थरथर शोधली. पुन्हा शोधली. तिथं काही नव्हतं. आणि मला जे वाक्य ठरवून दिलं आहे ते मी म्हटलं.

“विद्युत झटक्याची आवश्यकता नाही. छातीवर दाब देणे सुरू ठेवा.”

गर्दीतून हायसं वाटल्याचा आवाज आला. कुणी म्हणालं, “गरज न्हाई म्हणतीय. वाचलं म्हातारं.” सोजराबाईंनी मला हात जोडले. माझ्या बोलण्याचा अर्थ तिथं एकट्या दीक्षाला कळला होता. तिनं पुन्हा छाती दाबायला सुरुवात केली. ती दमली की सम्राट, तो दमला की पुन्हा ती. थोड्या थोड्या वेळानं मी तपासायची आणि तेच वाक्य म्हणायची. प्रत्येक वेळी गर्दीतला आवाज कमी होत गेला. शेवटी तर एकट्या मलाच बोलावं लागत होतं.

रुग्णवाहिका आली, आबांना शिरूरला नेलं. तिथं डॉक्टरांनी नको तेच सांगितलं.

निवडणूक संपली, चौकातली कापडं निघाली. फोटोवर नुसता कागद डकवला असता तरी चाललं असतं, असं एक अधिकारी बोलता बोलता म्हणाले. अख्खी पेटी बांधा असं कुणीच सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

एका रविवारी दीक्षा माझ्या नव्या चिकटपट्ट्या बसवत होती, तेव्हा सोजराबाई आल्या. आबांच्या बाकावर बसल्या.

“पोरी, तवा ही बाई गरज न्हाई म्हणली. मग माणूस कसा गं गेला?”

दीक्षाचे हात थांबले. तिला खोटं बोलता आलं असतं, आणि तिनं तसं केलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता.

“आजी, गरज न्हाई म्हंजी बरं हाय असं नसतं. तिला द्यायला काय उरलं न्हाई, असं असतं ते. लवकर आली असती तर आबा वाचलेच असते, असं म्या म्हणत न्हाई. पर तिला आपलं काम करून बघता आलं असतं.”

ओसरी झाडणारे कोंडिबा झाडू धरून तिथंच उभे होते. “गाठी म्या मारल्या व्हत्या, सोजराआक्का,” ते म्हणाले. “सरगाठ सोडून म्या मारल्या.” आणि ते रडू लागले.

सोजराबाईंनी त्यांना रडू दिलं. मग त्यांनी काचेवरच्या फोटोकडं बोट केलं. “तू झाकलंस. पर झाकाय लागावं असं हितं लावलंच कशाला? काढ ते.”

“आन् इचारलं कुणी तर?”

“माझं नाव सांग.”

कोंडिबा जागचे हलले नाहीत, तेव्हा त्या स्वतः उठल्या. शेतावरून येताना हातात खुरपं होतंच. त्यांनी काच खरवडून साफ केली. गावात आल्यापासून पहिल्यांदा मला काचेतून माझा चौक दिसला.

आता कोंडिबा गटात आहेत. पुतळ्याची छाती ते इतक्या जोरानं दाबतात की दीक्षाला आवरावं लागतं. सोजराबाईंना गुडघ्यावर बसता येत नाही, म्हणून त्यांनी वेगळंच काम धरलं आहे. संध्याकाळी बाकावर बसायचं आणि एसटीतून उतरणाऱ्या परक्या माणसाला विचारायचं, “आमच्या गावची पेटी कुठं हाय, ठावं हाय का?” माणूस गोंधळतो. मग त्या वर बोट दाखवतात आणि त्याला माझा दिवा बघायला लावल्याशिवाय सोडत नाहीत.

परवा पुन्हा आचारसंहिता लागली. कोंडिबा मांजरपाट घेऊन निघाले. बसथांबा बांधला, कोनशिला बांधली, तक्रारपेटी बांधली. माझ्यासमोर आले, काचेतून आत पाहिलं, “हिरवा हाय” असं हळूच म्हणाले आणि पुढं गेले.

मित्रांनो, तुमच्याही गावात, स्थानकात, कारखान्यात माझी एखादी बहीण असेल. तिच्यावर हेल्मेट ठेवू नका, तिला कुलूप लावू नका, तिच्यावर कुणाचं नाव चिकटवू नका. ती कुठं आहे ते आजच बघून ठेवा आणि छाती दाबायला शिका. आम्हाला मोजकीच वाक्यं येतात. त्यातलं ते एक वाक्य म्हणायला लागू नये, इतक्या लवकर आमच्याकडं या.