उजेडाला धरलेलं पोट

"पी म्हणते ना! अजून एक तांब्या. पोट तट्ट भरल्याशिवाय आतलं दिसत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय."

"आई, आता नाही हो मावत. मी काय रांजण आहे?"

खुराडी झाडून झाली, दाणे टाकून झाले, तरी सासूसुनेचं पाण्यावरून भांडण काही मिटेना. सासूला सगळं गाव कोंबडीवाली म्हणायचं. कालपर्यंत हीच बाई सोनोग्राफीच्या नावानं बोटं मोडत होती. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? पोरीला उलट्या होतायत, दिवस राहिलेत, अजून काय बघायचंय?" आणि आज स्वतःच तांब्या घेऊन मागं लागली होती.

सुनेला तर जायचंच नव्हतं. मागल्या साली तिसऱ्या महिन्यात याच दवाखान्यात तिनं ऐकलं होतं, की बाळाचे ठोके लागत नाहीत. तेव्हा सोबत नवरा होता. आताही तिसराच महिना. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. घरात त्या गोष्टीचं कुणी नाव काढत नव्हतं. त्यापेक्षा पाण्यावरून भांडलेलं बरं.

नवऱ्यानं टेम्पो काढला. चिखल वाळून रस्त्याला दगडासारख्या चाकोऱ्या पडल्या होत्या, आणि हा गडी सुसाट निघाला.

"अहो, हळू! अंडी असली की गोगलगायीसारखे जाता, आणि आज?"

"आज मागं अंडी कुठायत?"

"मी आहे ना!" सून कळवळली. सासूनं पुढं वाकून लेकाच्या पाठीत एक धपाटा घातला. तेव्हा कुठं टेम्पो माणसात आला.

नवरा बाहेर टेम्पोपाशीच थांबला. दवाखान्यातल्या त्या खोलीत पडदे ओढून अंधार केलेला होता. डॉक्टरीणबाईंनी सुनेला खाटेवर आडवं केलं आणि पोटावर गार, चिकट काहीतरी ओतलं. सून दचकली.

"दुखणार नाही. नुसतं हे यंत्र वरून फिरवायचं. श्वास घ्या की, का कोंडून धरलाय?"

सुनेनं डोळे मिटले. सासू उशाशी उभी राहिली. अंधारी खोली आणि एवढासा उजेड, हे तिच्या रोजच्या कामातलं होतं. उबवणीची अंडी ती अशीच अंधारात दिव्यासमोर धरायची. आत लाल शिरा पसरलेल्या दिसल्या की पिल्लू जिवंत. पोकळी दिसली आणि तिच्याभोवती नुसतं कडं दिसलं, की आतला जीव गेला. ते अंडं मुकाट्यानं खड्ड्यात टाकायचं. यात तिची नजर कधी चुकली नव्हती.

समोरच्या टीव्हीसारख्या पडद्यावर चित्र उमटलं. मधे काळीभोर पोकळी, भोवती पांढरं कडं. बाकी काही नाही.

सासूनं सुनेचं मनगट धरून ओढलंच. "ऊठ पोरी. चल घरी. नको बघूस तू." आणि जिनं कधी कुणासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती हुंदके द्यायला लागली.

सुनेनं डोळे आणखीच घट्ट मिटले.

"अहो मावशी! काय झालं काय?"

"मला नका सांगू, बाई. जन्म गेला माझा अंडी बघण्यात. कडं दिसतंय ना ते! गेलंय हो लेकरू."

"मावशी, हे अंडं नाही. ते काळं म्हणजे पाणी, बाळाच्या भोवतीचं. बाळ या कोपऱ्यात दडलंय. थांबा." बाईंनी यंत्र जरासं तिरकं केलं आणि एक कळ दाबली.

खोलीभर आवाज घुमला. धडधडधडधड, नुसती घाई.

सुनेनं डोळे उघडले. पडद्यावर शेंगेएवढा जीव हातपाय झाडत होता आणि त्याच्या छातीत काहीतरी लुकलुकत होतं.

"ठोके एकदम छान आहेत," बाई म्हणाल्या.

"एवढं पळतंय कुणामागं?" सासू नाक पुसत म्हणाली. तेवढ्यात बाळानं कूस बदलली. "बघा, आजीकडं पाठ केली! आईवर गेलंय."

सून हसता हसता रडायला लागली.

"हलू नका, माप घेतेय मी."

"बाई, लवकर घ्या हो, नाहीतर आता मी फुटेन!"

माप झालं, तशी पोट कसंबसं पुसून ती पळाली. मोकळी होऊन परत येते तो बाकावर बसलेल्या बायकांपुढं सासूचा वर्ग भरला होता. पडले तरी नाक वर, त्यातली ती.

"काळं दिसलं तर घाबरायचं नाही, बरं का. पाणी असतं ते. माझी सून केवढी घाबरली! रडली काय, उठून पळायला निघाली काय."

बाकावरच्या एकीनं सुनेकडं पाहिलं. "हो का गं?"

सुनेनं सासूकडं पाहिलं. म्हातारीचे डोळे अजून लाल होते.

"हो ना," सून म्हणाली. "आईंनी हात धरून ठेवला, म्हणून थांबले."