वरचा मजला

बहारुद्दीन सरांनी मकासरच्या सागरी कॉलेजात आम्हाला जहाजाचा तोल शिकवला. गणित चुकलं की पेपर तोंडावर फेकायचे. "हे जहाज बुडालं, रोस! माणसांसकट!" ते वाहतूकमंत्री झाले तेव्हा मी बूटोन बेटाजवळच्या एका लहान बंदरात जहाज तपासनीस होते. आम्ही सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांनी कोतोचा गरम मांसरस्सा खाऊन आनंद केला. आता कोणीतरी आपलं ऐकेल, असं वाटलं.

त्या वर्षी ईदच्या तोंडावर एका फेरीबोटीच्या मालकाने तिच्यावर जादा मजला चढवला. मालक सरांच्या पक्षातला बडा माणूस. मी परवाना अडवला. थेट सरांचाच फोन आला.

"रोस, सणाला माणसं घरी जाऊ देत गं. सोड ती बोट."

"सर, वरचा मजला भरला तर ती कलंडेल. तुम्हीच तर शिकवलंत."

"तेव्हा मी मास्तर होतो. आता देश चालवतोय."

मी सही केली नाही. माझी बदली झाली, दुसऱ्याने सही केली. बोट सामुद्रधुनीत कलंडली. वरच्या मजल्यावर बायका-पोरं होती, वारा लागावा म्हणून बसलेली.

सर बंदरावर आले. गोदामात प्रेतं ओळीने ठेवलेली आणि हे कॅमेऱ्यांसमोर म्हणाले, "कप्तानाने वळण चुकवलं." माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी चौकशीत फोनचं सगळं सांगितलं. ते कोणी लिहूनच घेतलं नाही. कप्तान तुरुंगात गेला. सरांचं मंत्रिपद दुसऱ्या वर्षी निवडणुकीत गेलं, तेही सन्मानाने.

मग कॉलेजने त्यांना पुन्हा शिकवायला बोलावलं. स्वागताला जुन्या विद्यार्थ्यांनी दोन शब्द बोलायचे होते. मलाही निमंत्रण होतं, बहुधा चुकून.

मी उभी राहिले. समोर पहिल्या वर्षाची पोरं. त्यांना फोनवरचा शब्द न् शब्द सांगितला.

"रोस, खाली बस," सर हळूच म्हणाले.

"नाही बसत. आता तुम्ही सांगा यांना, ती बोट का कलंडली? कप्तानामुळे?"

ते उठले, शाल सावरली आणि मागच्या दाराने निघून गेले. प्राचार्यांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला. पुढच्या आठवड्यापासून सरांचे तास सुरू झाले. वर्गात निम्मी पोरं येत नाहीत म्हणे. निम्मी येतात, याचाच मला संताप येतो.