आपांचा शब्द

"अम्मी, उगाच टेन्शन घेऊ नको. तूच विचार ना त्या एआयला," मुझम्मिल म्हणाला.

घणसोली गावातल्या या स्वयंपाकघरातून ऐरोलीच्या आयटी कंपन्यांना रोज डबे जायचे. नवरा गेल्यावर अख्तरुन्निसाआपांनी एकटीनं उभा केलेला धंदा. पण सत्तरी गाठली तशी लेकाला त्यांचा शब्द म्हणजे नुसता अंदाज वाटू लागला. माणसानं डोकं फोडायचं तरी किती? शेवटी आपा फोनमधल्या एआयचा सल्ला घ्यायला शिकल्या. गेल्या महिन्यात तेलाचा व्यापारी बदलायला मुझम्मिल आडवा आला, एआय आपांच्या बाजूनं बोललं, तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं होतं, "यापुढे हा सांगेल तेच. वाद खलास."

आता वाद पुतळाबाईचा होता. साताऱ्याची पुतळाबाई पहिल्या दिवसापासून इथे तांदळाच्या भाकऱ्या थापायची. हल्ली तिचे हात थरथरत, डबे खोळंबत. मुझम्मिलला भाकरीचं मशीन आणायचं होतं.

एआय आपलीच री ओढणार, याची आपांना खात्री होती. बारीक अक्षरं दिसत नसत, म्हणून सवयीनं स्पीकर लावून त्यांनी सगळं खरं खरं सांगितलं. हात, उशीर, तक्रारी. "तर ठेवू की नको पुतळाबाईला?"

"तुमच्या माहितीनुसार, त्यांना कमी करणं योग्य ठरेल," फोन गोड आवाजात म्हणाला.

कोपऱ्यात परात घेऊन बसलेल्या पुतळाबाईची थापथाप थांबली.

आपांच्या अंगाचा तिळपापड झाला. "अरे, माझ्याकडे पगाराला पैसे नव्हते तेव्हाही ती येत होती. ते धर की."

"तुमची भावना समजते. तरी सल्ला तोच आहे. अंतिम निर्णय अर्थात तुमचाच."

माझाच म्हणे. मुझम्मिल डब्यांची झाकणं लावत राहिला, त्याला बोलायची गरजच नव्हती. पुतळाला ठेवलं तर आपांच्या बोलण्याला उद्या या घरात काडीची किंमत उरणार नव्हती. स्वतःच्या हातानं स्वतःला कोंडून घेतलं होतं त्यांनी, आणि संताप काढायचा तो कुणावर, हेही कळत नव्हतं.

"पुतळा, ऐक..."

"पोरासमोर शब्द मोडू नका, आपा," पुतळाबाई मान वर न करता म्हणाली. "उद्यापासनं न्हाई येत मी. उकड निवाय लागलीया, तेवढ्या थापून घेते."

आपांनी फोन पालथा टाकला, बाह्या वर सारल्या आणि तिच्या शेजारी बसून एक गोळा घेतला. त्यांची भाकरी परातीतच फाटली. पुतळाबाईनं ती गुमान आपल्याकडे ओढली, पुन्हा मळली आणि थापायला घेतली.